आकेंचा सेंटिमीटर

बिश्केक
२६ ऑक्टोबर २००८

बुरुल एजे,

शिव्या द्यायच्या असतील तर आधी चुलीपाशी बस, निदान हात तरी उबेत राहतील. मी येत नाहीये. एरमेकची गाडी परवा खिंड ओलांडेल, तीत माझ्याऐवजी हे पत्र आणि साखरेच्या दोन पिशव्या असतील.

आकेंनी स्वतः निरोप धाडला होता, हे मी विसरलेले नाही. 'खिंड बंद व्हायच्या आत एकदा येऊन जा.' आपल्या बापानं जन्मात मला कधी 'ये' म्हटलं नाही, कायम 'तुझं काम बघ'. आणि आता म्हटलं तर मीच इथं अडकून पडले. खरं सांगते, निरोप मिळाल्यापासून घास गोड लागत नाही.

पण उन्हाळ्यात आमच्या संस्थेनं तेके-सू तळ्यावर पेटी बसवली ना, तिचं बोलणं ऐकणारा प्रोग्राम मी लिहितेय आणि तो अजून धड उभा नाही. पेटी तासातासाला पाण्याची पातळी उपग्रहावरून इकडे पाठवते. पाणी एकदम हललं तर खालच्या जार-बाशी गावाला पळायला अर्धा तास तरी मिळावा, म्हणून संस्थेचा हा सगळा खटाटोप. आमच्या साहेबीणबाई रिम्मा अर्काद्येव्ना म्हणतात, "कनीशाय, तुझंच गाव आहे ते. तुझ्या भरवशावर झोपणार आहे."

आकेंना सांग, रोज सकाळी आठला मी पडद्यासमोर असते. आधी पेटीचा आकडा येतो, मागोमाग आकेंचा, त्यांनी पट्टीवर वाचून बटणं दाबलेला. तो आला की मला सगळं दिसतं. नमद्याचे बूट घातले, कांब घेऊन तळ्याकाठच्या मापाच्या विहिरीतला बर्फ फोडला, काट्याकडे पाहिलं, खोकले, बटणं दाबली. दिवसातलं हे एकच मिनिट मी घरी असते.

एक गंमत. पेटी २१२ म्हणाली की आके २११ म्हणतात. कायम एक कमी. पाण्याबरोबर वरखाली होणारा काटा पट्टीच्या बोटभर पुढे, आणि तोही गुडघ्याच्या उंचीवर. वाकून समोरून पाहिलं तर बरोबर दिसतो. घोड्यावरून पडल्यापासून आकेंचा उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून ते उभ्यानं वरूनच बघतात आणि सेंटिमीटर हरवतो. रिम्मा बाई म्हणाल्या, म्हाताऱ्याचं वाचन बंद करू या. मी गुपचूप प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: आकेंच्या आकड्यात एक मिळव. हे त्यांना सांगू नकोस, भडकतील.

मार्चमधल्या नूरुझनंतर रस्ता उघडला की पहिल्या गाडीनं येते. तोवर त्यांना म्हणावं, थांबा माझ्यासाठी.

तुझी
कनीशाय


तेके-सू
१२ नोव्हेंबर

कनीश,

शिव्या दिल्या. चुलीपाशी बसूनच दिल्या. साखर पोचली, त्यातली एक पिशवी फाटून एरमेकच्या कोटात सांडली होती. आता त्याच्यामागे सगळ्या गावाची वासरं लागलीत.

'आकेंना सांगू नकोस' असं लिहितेस, आणि तुला पक्कं ठाऊक आहे की तुझी पत्रं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. वाचून गेले आणि मग जीभ चावली. आके ताडकन उठून बसले. "एक मिळवते? एकतीस वर्षं हे तळं मी वाचतोय, आणि ही शेंबडी तिकडे बसून माझ्यात एक मिळवते? उंटावरून शेळ्या हाकते!" तासभर धुसफूस. मग चहा पिता पिता स्वतःशीच म्हणाले, "मिळवू दे. तेवढाच तिचा हात लागतो."

आता पुढचं आके सांगतात, मी नुसती लिहिते:

"कनीशाय, आली नाहीस ते बरंच झालं. बर्फ यंदा लवकर आला. खिंडीनं तुझी दोन बोटं आधीच घेतलीत, आणखी द्यायला नकोत. मी ये म्हटलं होतं ते उगाच, म्हाताऱ्याला लहर येते. तुझं काम बघ. एक विचारायचं होतं. पेटी बोलायची थांबली, तर ती गप्प आहे की गेली, हे तुला तिकडे कसं कळतं? मेंढी गप्प असते तेव्हा झोपलेली असते, नाहीतर लांडग्यानं नेलेली असते. लांबून दोन्ही सारखंच."

हे लिहून घेतलं आणि लगेच म्हणाले, लहरीचं वाक्य खोड. मी खोडलं नाही.

त्यांना खोकला आहे. दर हिवाळ्यात असतो. आता खिंड बंद झाली, यापुढे विजेच्या तारा बघणाऱ्यांची बर्फात चालणारी साखळी-चाकांची गाडीच काय ती तीन आठवड्यांनी येईल. माणसं नेत नाहीत, पत्रं नेतात. तेव्हा लिहीत राहा.

बुरुल


बिश्केक
३० नोव्हेंबर

एजे, हे आकेंना सावकाश वाचून दाखव, मध्ये घाई करू नकोस.

आके, तुमचा प्रश्न रिम्मा बाईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना नोकरीवर घे आणि तू मेंढ्या वळायला जा." कारण मी नेमकी इथंच तोंडावर पडले होते.

सांगते कशी. माझा प्रोग्राम पेटीच्या दाराशी कान लावून बसलेला असतो. ती बोलली नाही तर तो वाट बघतो. पण पेटीनं व्यवस्थित निरोप घेतला, जोडणी बंद केली, तर आधी तिचं उरलेलं सगळं बोलणं पोचतं आणि त्यानंतर वाचायला जावं तर हाती शून्य अक्षरं येतात. मी पहिल्यांदा काय समजले? शून्य म्हणजे आत्ता काही सांगायचं नाही. म्हणून माझा वेडा प्रोग्राम पुन्हा पुन्हा विचारत सुटला, 'बोल ना, बोल ना', सेकंदाला हजारदा, आणि समोर कोणी नव्हतंच. शून्य म्हणजे 'काही नाही' नव्हे, आके. शून्य म्हणजे 'मी निघाले'. आपल्याकडे पाहुणा उठायच्या आधी तळवे चेहऱ्यावरून फिरवून बाता देतो ना, तसं. बाता झाली की समजायचं, आता चहा ओतायचा नाही.

दुसरी तऱ्हा वाईट. वीजच गेली, तार तुटली, तर पेटीला बाता द्यायला वेळच मिळत नाही. पाहुणा घोडा बघून येतो म्हणाला आणि परत आलाच नाही. इकडे चहा गरमच ठेवलेला. मग माझ्याकडे कायम जोडणी चालू दिसते, दिवसच्या दिवस. नुसतं ऐकत राहून ते कधीच कळत नाही. त्यासाठी आपण हाक मारावी लागते. म्हणून आता दर दहा मिनिटांनी मी विचारते, 'आहेस का?' उत्तर आलं तर आहे.

तुमच्या बटणांसाठीही एक खूण केली आहे. कधी पट्टीपाशी जाणं शक्यच नसलं, आजारी असलात, तर तीन शून्यं दाबायची. इथं घंटा वाजते आणि मला कळतं. पण उगाच दाबू नका हं, माझ्या काळजाचं पाणी होईल.

आणि 'लहर' म्हणू नका. मला यायचं होतं. मला फार यायचं होतं, आके. खिंड उघडेपर्यंत दिवस मोजतेय, आज एकशे दहा तरी उरलेत.

कनीशाय


तेके-सू
२९ डिसेंबर

कनीश,

गाडीवाले दाराशी इंजिन चालू ठेवून उभे आहेत, म्हणून चारच ओळी.

तुझं पत्र दहा तारखेला पोचलं. दोनदा वाचून झालं. पाहुण्याचं आणि चहाचं आकेंना फार आवडलं, तोकोल्दोश आबांना बोलावून त्यांनाही ऐकवायला लावलं.

इकडे थंडी भयंकर. या महिन्यात घरी माणसं फार आली गेली, पीठ संपलं. पुढच्या फेरीला दोन पोती पाठवता आली तर बघ. चहासुद्धा.

या वेळी आके काही सांगत नाहीत. वाचन रोज होतंय, तुला आकडे येतच असतील.

नीट राहा. टोपीशिवाय बाहेर पडू नकोस. जेवत जा गं.

बुरुल


बिश्केक
१४ जानेवारी २००९

एजे,

मी आज कँटीनमध्ये सगळ्यांना केक खाऊ घातला! कारण विचार.

पीठ, चहा, आणि तुझ्यासाठी लोकरीचे मोजे पाठवलेत. त्यांच्या खाली आकेंच्या खोकल्यासाठी बिज्जूच्या चरबीची बाटली आहे आणि गुडघ्याला बांधायचा उंटाच्या केसांचा पट्टा. आता कारण सांगते. गेले तीन-चार आठवडे मी बघतेय, आकेंचा आकडा आणि पेटीचा आकडा तंतोतंत एक! पेटी २०६, आके २०६. पेटी २०४, आके २०४. एकदाही चूक नाही. उलट माझीच ती 'एक मिळव'वाली ओळ त्यांना एक सेंटिमीटर वर नेत होती, ती मी आज काढून टाकली.

म्हणजे गुडघा वाकायला लागला ना? मला एका शब्दानं कळवलं नाहीत, लबाड कुठले! कोणाचं औषध लागलं? पडद्यावर ते दोन सारखे आकडे बघितले आणि मी खुर्चीतच रडले. रिम्मा बाई घाबरल्या, "काय झालं, पूर आला?" मी म्हटलं, "नाही, माझे वडील वाकले." त्यांना काय कळणार!

आता आले की आकेंना घोड्यावर बसलेलं बघायचं आहे. आपण तिघं वरच्या कुरणात जाऊ. मी घोडीच्या दुधाचं कुमिस प्यायले की मला चढते, तुम्ही दोघं हसा.

आके, गेल्या पत्रात तुम्ही काही बोलला नाहीत. एक मिळवलं म्हणून अजून राग आहे का? ओळ काढली बघा. आता तरी बोला.

कनीशाय


तेके-सू
६ फेब्रुवारी

कनीश,

सगळं सामान पोचलं. मोजे चांगले आहेत, जरा मोठे आहेत. पट्टा चुलीवर टांगलाय.

गुडघ्याची तक्रार आता राहिलेली नाही. खोकलाही थांबला. कोणाचं औषध लागलं म्हणतेस, तर असलं औषध देवच देतो.

राग कुणाचा नाही गं तुझ्यावर. ते मनात आणूसुद्धा नकोस. 'तेवढाच तिचा हात लागतो' म्हणाले होते, ते विसरलीस का?

गाय व्यायली, कालवड आहे, कपाळावर पांढरा ठिपका. तिचं नाव काय ठेवू ते तू कळव. विहिरीवर सकाळी हात इतके बधिर होतात की लिहिताना अक्षर वाकडं येतं, म्हणून आता पुरे.

खिंडीकडे बघू नकोस. रस्ता उघडेपर्यंत काहीही झालं तरी निघायचं नाही, हे मला लिहून पाठव. शपथ घालते.

बुरुल


बिश्केक
२० फेब्रुवारी

बुरुल एजे,

हे पत्र एकटीनं वाच.

दहा तारखेला तुमच्याकडची पेटी बंद पडली. बॅटरी गोठली होती ना? दोन दिवस ना तिचा आकडा, ना हातानं वाचलेला. आणि माझ्या पडद्यावर ते दोन्ही दिवस हिरवा दिवा. जोडणी चालू, म्हणून मला वाटलं नुसती गप्प आहे. मी दर दहा मिनिटांनी 'आहेस का?' विचारत होते आणि दर वेळी उत्तर येत होतं, 'आहे.' मेलेली पेटी 'आहे' म्हणत होती! रिम्मा बाईंनी सगळ्यांसमोर झाडलं, "या दोन दिवसांत तळं फुटलं असतं तर?"

शोधता शोधता कळलं. पेटी आणि मी यांच्या मध्ये उपग्रहाच्या टोकाशी आणखी एक यंत्र आहे. दूरचा प्रवास वाचावा, मला ताटकळावं लागू नये, म्हणून ते मधल्यामध्येच पेटीच्या वतीनं उत्तर देतं. त्याचा हेतू वाईट नाही, एजे. ते मला त्रास होऊ नये म्हणूनच तसं करतं. पण पेटी कधीची गेलेली असते आणि ते आपलं 'आहे, आहे' म्हणत राहतं.

त्यावर उपाय एकच. ज्याचं उत्तर पेटीलाच देता येईल असा प्रश्न विचारायचा, दर वेळी नवा. मधल्याला तो सोडवताच येत नाही. आता मी तसंच करते आणि ते चालतं.

हे जमलं त्या दिवशी मी आकेंच्या जुन्या वह्या काढल्या. मागे सगळ्या टाइप करून ठेवल्या होत्या. पेटी नव्हती तेव्हा महिन्यातून एकदा संस्थेचा माणूस येऊन वाकून वाचायचा, त्याचे आकडे शेजारी आहेत. २००३ च्या जूनपर्यंत दोन्ही सारखे. जूनपासून आके एक कमी. ते घोड्यावरून पडले तो महिना वहीत स्पष्ट दिसतो. आणि गेल्या १९ डिसेंबरपासून पुन्हा सारखे.

एजे, त्या गुडघ्यात नारिनच्या डॉक्टरांनी लोखंड घातलंय. 'हा आता जन्मात वाकायचा नाही' असं त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मला हे माहीत होतं. तरी मी केक वाटला.

आकेंना एक प्रश्न विचार. मी शिकत असताना शहाणपणा करून खिंडीत पायी शिरले आणि ते मला पाठीवर घेऊन उतरले, तेव्हा वाटभर त्यांनी मला एकच खोटी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. ती कोणती? आम्हा दोघांखेरीज ती कुणालाच माहीत नाही.

ते नाही म्हणाले, विसरले म्हणाले, रागावले, तरी चालेल. पण त्यांचं उत्तर दे.

तू मागितलीस ती शपथ लिहून देते. रस्ता उघडेपर्यंत निघणार नाही.

कनीशाय


तेके-सू
१० मार्च

कनीश,

तुझा प्रश्न मी त्यांच्यापाशी जाऊन मोठ्यानं वाचला. दोनदा वाचला. ते काही बोलले नाहीत.

रस्ता एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उघडेल म्हणतात. पहिल्या गाडीनं तोकोल्दोश आबा आणि आणखी दोन म्हातारे शहरात येणार आहेत. पेटीच्या बॅटरीचं काहीतरी काम आहे. तुझ्याकडे उतरतील. त्यांना घरी बसव, चहा कर.

कालवडीचं नाव अजून कळवलं नाहीस.

बुरुल


तेके-सू
११ एप्रिल
(हे तोकोल्दोश आबांच्या खिशात देते. त्यांनी सांगून झाल्यावरच ते तुझ्या हाती देतील.)

माझ्या कनीश,

आता तुला कळलं असेल. म्हणून आता मला लिहिता येतं.

खोकला छातीत उतरला. अठरा डिसेंबरला ताप असूनही स्वतः विहिरीवर गेले, मला बरोबर येऊ दिलं नाही. २०७ दाबलं. परत येऊन बूट न काढताच बाकावर बसले आणि म्हणाले, "उद्यापासून तू वाच." तेव्हाच मी समजले. वीस तारखेला दुपारी गेले. शुद्धीत होते. मी त्यांना विचारलं, "तीन शून्यं दाबू का? कनीशला कळेल." तर केवढ्यानं म्हणाले, "खबरदार! पोर तिथं यंत्रांमध्ये एकटी असेल आणि घंटा वाजेल. असली बातमी घंटेनं सांगतात? पत्रानंही नाही. ती खिंडीत शिरेल, मला माहीत आहे. रस्ता उघडला की म्हाताऱ्यांना पाठव. समोर बसून सांगतील. मग रडेल तेव्हा जवळ माणूस असेल."

गावानं चाळिसावा केला. तुझी जागा मोकळी ठेवली होती, तुझ्या नावची भाकरी कुणी मोडली नाही.

मी रोज वाचते. वाकून, समोरून, चूक होऊ नये म्हणून जीव लावून वाचते. मला वाटलं, आकडा बरोबर आला तर तुला शंका येणार नाही. माझी अक्कल बघ.

तुझं केकचं पत्र आलं तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसले. गाईच्या मानेला मिठी मारून ओरडले. मग आत येऊन 'गुडघ्याची तक्रार राहिलेली नाही' असं लिहिलं. कनीश, मी एकही अक्षर खोटं लिहिलं नाही आणि तुला तीन महिने फसवलं. तू मला काय हवं ते म्हण.

पण तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला रचता आलं नाही. तीनदा लेखणी उचलली. काहीतरी गोड लिहिलं असतं, तुला कदाचित पटलंही असतं. पण त्यांच्याबद्दल गप्प राहणं वेगळं आणि त्यांच्या तोंडून बोलणं वेगळं. तेवढं माझ्यानं होईना. मग कबरीवरचा बर्फ हातानं झाडला आणि तिथं तुझा प्रश्न वाचून दाखवला.

ये गं लवकर. या घरात आता माझाच आवाज मला ऐकू येतो.

बुरुल


बिश्केक
१६ एप्रिल

एजे,

म्हातारे उद्या सकाळी परत निघतात, हे पत्र त्यांच्याबरोबर पुढे पाठवते. मी सुट्टीचा कागद हाती पडला की शनिवारच्या गाडीनं येतेय. महिनाभर राहणार आहे.

ते तिघं काल दुपारी आले. मी दार उघडलं आणि त्यांच्या ठेवणीतल्या टोप्या बघितल्या. मला तुझ्या मार्चच्या पत्रापासूनच माहीत होतं, एजे. 'ते काही बोलले नाहीत' एवढं वाचलं आणि कळलं. पण मी कुणाला बोलले नाही, तुलाही उलट लिहिलं नाही. आकेंनी माणसं पाठवायचं ठरवलं असणार, हे मी त्यांना ओळखून होते. मग त्यांची माणसं पोचेपर्यंत मी कशी रडू? महिनाभर रोज ऑफिसात गेले. रोज आठला तुझा आकडा वाचला. आकेंची नाही, तुझी पावलं ऐकली. मोजे मोठे होतात म्हणालीस ना, तेसुद्धा ऐकू यायचं.

म्हाताऱ्यांना बसवलं. भाकरी मोडली, चहा केला. तोकोल्दोश आबांनी आधी गुरांचं विचारलं. माझ्याकडे कुठली आली गुरं! मग हवेचं विचारलं. मग रस्ता किती खराब आहे ते सांगितलं. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "लेकी, झाडाची... नाही, डोंगराची... अरे, काय ठरलं होतं रे आपलं?" शेजारचा म्हातारा कुजबुजला, "बहिरी ससाण्यापासून सुरू करायचं होतं." आबा म्हणाले, "हां, ससाणा." आणि पुढे त्यांना काही सुचेना. मरणाची बातमी आडवळणानं, गोष्टीतून सांगायची, ती सगळा रस्ता पाठ करत आले होते बिचारे. मग नुसतंच म्हणाले, "जापारकुल गेला गं, कनीश. माझा जोडीदार गेला. तुला सांगायला मला पाठवलं त्यानं."

तेव्हा मी रडले. चार महिन्यांचं एकदम रडले. तिघंही माझ्याबरोबर मोठ्यानं रडले, शेजारपाजारचे दारात येऊन उभे राहिले. आके म्हणाले होते तसंच झालं, जवळ माणूस होतं. घंटेनं हे कळलं असतं तर मी काय केलं असतं, देव जाणे.

तुला मी काय म्हणू? तू मधलं यंत्र नाहीस. त्यानं माझा प्रश्न नुसता गिळला असता. तू तो बर्फात घेऊन गेलीस.

त्या प्रश्नाचं उत्तर आता तुला देते, म्हणजे ते दोघींना माहीत असेल. खिंडीत मी पाठीवर रडत होते आणि ते म्हणायचे, "झालं, आता शंभरच पावलं." शंभर झाली की पुन्हा, "झालं, आता शंभरच." घर येईपर्यंत शंभरच. मला ते खोटं कळत होतं, आणि तरी दर वेळी बरं वाटायचं. ऑक्टोबरात त्यांनी 'ये' म्हटलं, तेव्हा मीही त्यांना तेच सांगितलं. नूरुझनंतर येते, झालं, थोडेच दिवस. त्यांनाही कळलं असेल. हे मला आयुष्यभर पुरेल, एजे. तू समजूत घालू नकोस.

कालवडीचं नाव शंभरी ठेव.

आणि एक काम कर. आज मी ती काढून टाकलेली ओळ प्रोग्राममध्ये पुन्हा घातली. रिम्मा बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाचली आणि पुढे गेल्या. तर उद्यापासून विहिरीवर तू वाकू नकोस. आकेंसारखी उभी राहा, त्यांच्याच जागी, आणि वरून बघ. जो दिसेल तो आकडा दाब. एक कमी येईल, येऊ दे. तो मी इथं मिळवीन.

कनीशाय